जमादाराचा उजवा पाय

अब्बा, मराठीत लिहितोय. घरात आपण जी खिचडी बोलायचो, अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी, ती मला कागदावर उतरवता येत नाही, आणि उर्दूची अक्षरं मी कधी शिकलोच नाही. तुम्हाला तर कुठलीच अक्षरं येत नव्हती, तेव्हा तुमच्या दृष्टीनं फरक काहीच नाही. कोणीतरी वाचून दाखवावं लागलंच असतं आणि तुम्ही असताना ते काम माझ्याकडेच होतं. एसटीची पाटी असो की औषधाच्या बाटलीवरचं लेबल, मी मोठ्यानं वाचायचो आणि तुम्ही डोळे मिटून मान हलवायचात. आजही तसंच समजा. तुम्ही दुपारच्या वेळी नालांचं पोतं उशाला घेऊन आडवे झाला आहात, आणि मी वाचतोय.

तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. वाशीमचं दुकान चालू आहे. पाण्यातल्या मोटारी जळतात, शेतकरी त्या पोत्यात घालून आणतात, मी त्यांत नवी तार भरून देतो. "बैलं कमी होऊन राह्यले, मोटारी वाढून राह्यल्या. तू मोटारीचं शीक," असं म्हणून तुम्हीच मला वायंडिंगच्या दुकानात नेऊन बसवलं होतं. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. आता तुम्ही बसायचात त्या रिसोडच्या अख्ख्या बाजारात बैलाला नाल ठोकणारा शोधावा लागतो. पण मला सांगायचं आहे ते दुकानाचं नाही. मी फोटो काढतो.

तुम्ही हसला असाल. तुमचा आमच्याकडे एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात तुम्ही कोंबडीचोरीच्या आळावरून धरून आणल्यासारखे दिसता. अशा माणसाच्या मुलाला हे वेड कसं लागलं, तर तुमच्या नातीच्या लग्नात. तुम्ही तिला पहिलीत जाताना पाहिलं होतं. ती आता अकोल्याला सासरी आहे, शाळेत शिकवते. लग्नानंतर फोटोवाला अल्बम घेऊन आला. स्टेज होतं, जेवणावळ होती, दागिने जवळून काढलेले होते. मी पुन्हा पुन्हा पानं उलटत होतो, कारण मला नवरदेवाचा घोडा पाहायचा होता. वरातीत फटाके फुटत होते, बँड कानाशी वाजत होता, आणि तो पांढरा घोडा आपल्या मालकाच्या खांद्यावर हनुवटी ठेवून डोळे मिटून उभा होता. मी विचारलं, "घोड्याचा एकही फोटो नाही काय?" पोरगा म्हणाला, "चाचा, घोड्याचा फोटो कोण पाह्यते?" मी म्हणालो, "मी पाह्यतो." त्याला त्याचा जुना कॅमेरा विकायचा होता. तो मी घेतला. घर रिकामं झालं होतं, सकाळी चहा पिऊन झाल्यावर कोणाशी बोलावं हा प्रश्न होता, तो असा सुटला.

तेव्हापासून फजरची नमाज झाली की मी निघतो. दुकान उघडायच्या आत जेवढं फिरता येईल तेवढं. कोर्टाच्या पायऱ्यांवर एक काळी कुत्री झोपते. सावली सरकेल तशी तीही एक-एक पायरी सरकते, आणि काळे कोट घातलेले वकील तिला ओलांडून जातात, कोणी हाकलत नाही. स्टेशनवर एक रिक्षावाला आहे, तो टोस्टचा चुरा करून झाडावरून उतरलेल्या खारीला देतो आणि उरलेला टोस्ट स्वतः चहात बुडवतो. रिसोडला गेलो होतो एकदा, धान्यबाजारात, सोयाबीनच्या हंगामात. तिथं पोत्यांच्या थप्पीवर एक हमाल गाढ झोपला होता आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर साळुंकी येऊन बसली होती, एखाद्या खुंटीवर बसावी तशी. गुडघ्याला मुंग्या येईपर्यंत मी उकिडवा बसलो, पण तो फोटो मिळाला. हमाल जागा झाला. "काय काढून राह्यले भाऊ?" मी त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "माया अंगठा त लय मोठा हाय." साळुंकीबद्दल तो काहीच बोलला नाही.

लोक विचारतात, जनावरं तुमच्यापुढं अशी निवांत कशी राहतात. मी काय सांगणार? मला तो दिवस आठवतो. गुरांच्या बाजारातलं ते कडुलिंबाचं झाड, खाली तुमचं बस्तान, हातोडी, कानस, पाण्याची बादली. तुमच्या तोंडात खिळे आहेत. एक तांबडा दांडगा बैल आणलाय आणि त्याचा मालक तुमच्याशी बोलतोय. मी आठ-दहा वर्षांचा असेन. मी मागून पळत येतो आणि त्या बैलाच्या पुठ्ठ्यावर जोरात थाप मारतो. लाथ माझ्या कानाजवळून जाते, वारा लागतो. तुम्ही ओरडत नाही. तोंडातले खिळे एक एक करून तळहातावर काढता, आणि साऱ्या गिऱ्हाइकांसमोर, त्यांनाही कळावं म्हणून वऱ्हाडीत, मला विचारता, "तुया घरात कोणी मागून घुसलं त तुले चालते काय?"

"नाही."

"मंग? आधी त्याले दिसू दे, तू कोण हायस ते. मंग वास येऊ दे. मंग हात लाव. आन एकदा हात लावला की काढू नको, नाही त त्याले वाटते तू भेला."

आणि तुम्ही मला त्या बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवून उभं केलंत. दुपारभर. मला भूक लागली होती, रडू येत होतं, बाजारातली पोरं बघत होती. कातडी आधी थरथरत होती, माशी बसावी तशी. मग ती थांबली. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या बैलानं आपलं अर्धं वजन माझ्या अंगावर टाकलं आणि रवंथ करायला लागला. मला हलता येईना, आणि हलावंसंही वाटेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्या दुसऱ्या हातात आणून दिलीत. फोटो काढायला मला दुसऱ्या कोणी शिकवलेलं नाही. आधी दिसायचं, मग जवळ जायचं, आणि गेल्यावर घाई करायची नाही. माणसांच्या बाबतीतही हेच चालतं, हे मात्र मला कॅमेरा हातात आल्यावर कळलं.

आता जमादाराचं सांगतो. वाशीमच्या भाजीबाजारात एक मोकाट सांड आहे. राखाडी-पांढरा, वशिंड एका बाजूला कललेलं. कोणाचा, कुठून आला, कोणाला माहीत नाही. रोज सकाळी बाजार भरायच्या वेळेला तो एका टोकाकडून येतो, प्रत्येक दुकानापुढं थोडा थांबतो आणि दुसऱ्या टोकानं जातो, म्हणून भाजीवाल्या बाया त्याला जमादार म्हणतात. मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी एक मावशी आहे. ती फुलकोबीचा पाला त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवते. तिच्या दुकानाजवळ उकिडवं बसून मी त्याचे फोटो काढायला लागलो. पहिले काही दिवस त्यानं मान वळवून मला पाहिलं. मग त्याला माझी सवय झाली, कॅमेऱ्याच्या 'खट' आवाजाचीही. पुढं पुढं तर मी बटण दाबलं की त्याचा फक्त एक कान वळायचा. त्याचे माझ्याकडे इतके फोटो आहेत की तुमची सून म्हणते, जावयाचे एवढे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्याची चाल बिघडली. चाल म्हणजे वागणूक. एका सकाळी त्यानं पपईचा गाडा उलथवला. मग एका मोटारसायकलवाल्याला ढुशी दिली. माणूस पडला, हाताला लागलं. लोक काठ्या घेऊन उभे राहायला लागले. कोणी गरम पाणी फेकलं. त्यानंतर तो माणूस दिसला की शिंगं खाली घ्यायचा. पिसाळला म्हणे, असं बाजारात झालं. तक्रार गेली, आणि गाडी येणार, उचलून कुठंतरी जंगलात सोडून देणार, अशी बोलणी सुरू झाली. मावशी एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाली, "जमादार असा नव्हता गा. काहीतरी झालं हाय त्याले." जसं काही मला ते ठाऊक असायला हवं होतं.

त्याच दुपारी वीज गेली. दुकानात बसून मी कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेत पाहत होतो. आणि मला तुमचं एक वाक्य आठवलं, जे तुम्ही गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवायचात: पाय पाह्यचा असंल त आधी मुंडकं पाह्य. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागला की जनावर डोकं वर उचलतं. मी दिवाळीनंतरचे फोटो शोधून काढले. ज्या फोटोत त्याचा उजवा पुढचा पाय टेकलेला होता, त्या प्रत्येक फोटोत मान वर होती. त्याआधीच्या फोटोंत नव्हती. मग मी तो पाय मोठा करून पाहायला लागलो. खुराच्या वर चिखलाची एक काळी रेघ होती, मी ती इतके दिवस चिखलच समजत होतो. एका फोटोत ऊन तिरपं आलं होतं आणि त्या रेघेत एक बारीक चकाकी होती. अब्बा, मी आयुष्यभर तार गुंडाळतोय. तार ओळखायला मला चष्मा लागत नाही. बांधकामाच्या सळया बांधायची तार त्याच्या पायाला विळखा घालून मांसात उतरली होती.

दुकान ओढून घेतलं आणि कॅमेरा घेऊन थेट जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं नवीन डॉक्टरीण बाई बदलून आल्या आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या एका बकरीला तपासत होत्या. हात धुऊन त्यांनी फोटो पाहिला, मोठा केला, आणखी मोठा केला.

"हे कधीचं आहे?"

"दिवाळीनंतरचं. रोजचे हायेत फोटो, पाहा न."

त्यांनी सगळे पाहिले. "तार आत रुतलीय. असंच राहिलं तर खूर जाईल, आणि मग तोही जाईल. दुखतंय म्हणून मारतोय बिचारा."

"काढता येते काय?"

"गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागेल. लांबून मारायची बंदूक आपल्याकडे नाही. मानेपर्यंत हात पोचला पाहिजे. आणि तो तर आता कोणाला जवळ येऊ देत नाही म्हणतात."

"मले येऊ देईल," मी म्हणालो. म्हणून झाल्यावर मी घाबरलो.

"तुम्ही काय करता?"

"मोटारी भरतो. पण माझे वालिद नालबंद होते."

त्यांनी कॅमेरा मला परत दिला. मग म्हणाल्या, "दोर लागेल. चांगला, सुती. उद्या सकाळी जमेल का?"

बैल खाली बसवायचा तुमचा दोर केव्हाच कुजून गेला. मी नवा घेतला. संध्याकाळी अंगणात खाट आडवी करून तिच्या पायांना तुमची गाठ, बैलाच्या पायांना मारायचात ती, बांधायला बसलो. किती वेळा बांधली तरी ती सुटत होती किंवा आवळून बसत होती. शेवटी मी बघणं सोडलं, डोळे मिटले आणि हातांना त्यांचं करू दिलं. हातांना येत होतं. तुमची सून दारात उभी राहून हे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "रस्सी लेके सांड के पीछे मत जाओ जी. लोगां क्या समझेंगे?"

तिचं चूक नव्हतं. तुम्ही खांद्यावर दोर टाकून गावोगाव फिरायचात आणि तो दोर दिसला की लोक गोठ्यातून बैल सोडून आणायचे, बाया बसायला खाट टाकायच्या. आता दिवस तसे नाहीत. खांद्यावर दोर घेतलेला आपला माणूस बैलाकडे जाताना दिसला तर लोक आधी नाव विचारतात. मला हे माहीत होतं आणि तिलाही. जेवण झाल्यावर मी म्हणालो, जाऊ देऊ या मग. ती ताटं उचलून आत गेली. सकाळी उठून पाहिलं तर तिनं दोराची घडी करून माझ्या पिशवीत तळाला ठेवली होती आणि वर कॅमेरा. "कॅमेरा पहले निकालना," एवढंच म्हणाली.

बाजार भरत होता. डॉक्टरीण बाई स्कूटीवर आल्या, सोबत दवाखान्याचा शिपाई. जमादार कांद्याच्या गोदामाच्या भिंतीला अंग लावून उभा होता, उजवा पाय फक्त टोकावर टेकवून. लोक लांबून कोंडाळं करून होते. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दोर बाहेर काढला, तोच एक तरणा पोरगा पुढं झाला. हातात मोबाइल, माझ्यावर रोखलेला.

"ओ चाचा, दोर कायले आणला? कुठी नेता त्याले?"

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं, पण पहिला शब्दच सापडत नव्हता. मागून मावशीचा आवाज आला. ती बसल्या जागेवरून उठलीही नाही. "कुठी नेते? पायाची तार काढाले आला तो. वर्स झालं रोज फोटो काढून राह्यला त्याचे, तुले दिसत नाही काय? तू सरक तिकडे, माया मेथीवर पाय देऊन राह्यला."

पोरानं खाली पाहिलं आणि पाय उचलला. "मले काय माहीत, मावशी," तो म्हणाला, आणि मोबाइल खिशात घातला.

मग मी जिथं रोज बसतो तिथं जाऊन बसलो. बटण दाबलं. खट. त्याचा कान वळला. मी उठलो, थोडं पुढं जाऊन पुन्हा बसलो. खट. त्यानं नाकातून हवा सोडली आणि शिंगं खाली केली. मी थांबलो. माझी बाजू त्याला दिसेल असा उभा राहिलो, आणि तुम्ही जे पुटपुटायचात ते माझ्या तोंडातून यायला लागलं: हो राजा, हो, काही नाही, हो बापा. इतक्या वर्षांत ते मी एकदाही म्हटलं नव्हतं. शिंगं खालीच होती, पण तो आला नाही अंगावर. मी खांद्याच्या बाजूनं गेलो आणि तळहात ठेवला. कातडी थरथरली. मी हात काढला नाही.

डॉक्टरीण बाई माझ्या पाठीआडून आल्या आणि त्यांनी मानेत सुई घातली. जमादारानं असा झटका दिला की मी त्याच्यासोबत फरफटत गेलो. एक चप्पल तिथंच राहिली, शिंगाचं टोक सदऱ्याला घासून गेलं, बटण तुटलं. पण हात खांद्यावरच होता, अब्बा. मी पुन्हा तेच पुटपुटत राहिलो. हळूहळू त्याचं डोकं जड झालं, लाळ गळायला लागली, पापण्या उतरल्या. मग मी दोर घेतला. शिंगांच्या बुडातून, छातीभोवती, पोटाभोवती, तुम्ही टाकायचात तसाच. एका टोकाला शिपाई होता. दुसरं टोक धरायला कोण, म्हणून मी मागं पाहिलं तर तोच मघाचा पोरगा बाह्या वर करून उभा. "सांगा चाचा, कसं ओढू?" "हळू. तो बसते स्वतःहून. पाडायचं नाही." आम्ही ओढलं, आणि तो एवढा थोरला जीव सोयाबीनचं पोतं उतरावं तसा हलकेच खाली बसला आणि कुशीवर झाला. मी चारही पाय बांधले.

डॉक्टरीण बाई गुडघ्यावर बसल्या. जखम धुतली तेव्हा जो वास सुटला त्यानं पुढचे लोक मागं सरले. मी दुकानातला कटर आणला होता. त्यांनी चिमट्यानं मांस बाजूला धरलं आणि मी तार तोडली. त्यांनी ती सावकाश ओढून काढली. काळी, वाकडी, टीचभर लांबीची तार. त्यांनी ती वर धरून लोकांना दाखवली. जे काठ्या घेऊन आले होते, त्यांतल्या एकानं आपली काठी गोदामाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली मी पाहिली.

बाई औषध भरत होत्या, पट्टी बांधत होत्या. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. धोतर, डोक्याला रुमाल. लसूण विकायला आलेला कोणी शेतकरी. तो वाकला, जमादाराच्या बांधलेल्या पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे गाठ कोणी मारली?"

"मी."

"हे त नालबंदाची गाठ हाय. रिसोडच्या बाजारात बसे तो, लिंबाखाली. हे टोक ओढलं की सारी सुटते."

"मी त्याचा पोरगा हाय, काका."

म्हातारा सरळ उभा राहिला. माझ्याकडे खालून वर पाहिलं, एक चप्पल घातलेल्या, बटण तुटलेल्या, लाळेनं भरलेल्या माणसाकडे. मग तो माझ्याशी नाही, गर्दीशी बोलायला लागला. "याच्या बापानं आमच्या गावातल्या साऱ्या बैलाइले नाल ठोकले. कधी एका जनावराचं रगत काढलं नाही. आमचा एक बैल मारका होता, मले बी जवळ येऊ दे नाही. याचा बाप आला की मान खाली घाले." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "सोडू काय?"

मी डॉक्टरीण बाईंकडे पाहिलं. त्यांनी गुंगी उतरवायचं इंजेक्शन दिलं होतं, मान हलवली. "सोडा, काका," मी म्हणालो. म्हाताऱ्यानं ते टोक ओढलं, आणि गाठ उलगडली. वाशीमच्या भाजीबाजारात, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, तुमची गाठ उलगडली. तुमच्या मातीला जेवढे लोक आले होते त्याहून जास्त लोक त्या वेळी तिथं तुमच्याबद्दल ऐकत उभे होते.

जमादार उठून बसला, डोकं झुलवत. मग मागचे पाय, मग पुढचे. उजवा पाय त्यानं आधी टोकावर टेकवला, सवयीनं. उचलला. पुन्हा टेकवला, आणि या वेळी पूर्ण टेकवला. मान वर गेली नाही. मी आणि बाई दोघंही त्याच्या पायाकडे न बघता डोक्याकडे बघत होतो. मावशीनं फुलकोबीचा पाला पुढं केला. त्यानं तो खाल्ला, आणि मग आपल्या फेरीला निघाला, प्रत्येक दुकानापुढं थांबत. गर्दी दुभंगत गेली. मोटारसायकली थांबल्या. पपईवाल्यानं गाडा मागं घेतला नाही, उलट एक पिकून फुटलेली पपई काढून त्याच्यापुढं ठेवली.

त्यानंतर कितीतरी दिवस बाई आणि मी पट्टी बदलायला जात होतो, आणि दोराची गरज पडली नाही. गाडी आली नाही. जखम भरून आली, तिथं आता पांढऱ्या केसांचं एक कडं आहे. पावसाळ्यात बाजारातल्या चिखलात मला त्याच्या उजव्या खुराचा ठसा मिळाला, दोन्ही नख्या पूर्ण, खोल, कडा शाबूत. तो फोटो मी मोठा करून घेतला, बाईंनी तो दवाखान्यात लावलाय. लोक लंगडी गाय घेऊन येतात, तो फोटो बघतात आणि विचारतात, तो फोटोवाला नालबंद कुठी राह्यते? माझ्या दुकानाच्या पाटीवर असं काही लिहिलेलं नाही, पण आता मला याच नावानं ओळखतात. कोणाला दुकानाचा पत्ता सांगताना मी स्वतःही ते नाव सांगितलेलं आहे. मी बैलाच्या बाजारातून मोटारींकडे गेलो तेव्हा तुमचं काम तुमच्याबरोबर संपणार असं तुम्हीही धरून चालला होतात आणि मीही. ते संपलेलं नाही. मागच्या महिन्यात बाईंच्या सांगण्यावरून मी धनज गावाला जाऊन एका बिथरलेल्या वळूला दोर टाकून आलो. या वेळी दोर खांद्यावर होता. एसटीतून उतरलो तर फाट्यावर दोन माणसं घ्यायला आली होती, आणि घरी गेल्यावर त्यांनी आधी खाट टाकली.

हा कागद मी पोस्टात टाकणार नाही, वाचूनही कोणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो. त्या दिवसाचा मी काढलेला चांगला फोटो एकही नाही, हात रिकामेच नव्हते. एकच फोटो आहे, आणि तो मावशीनं सांभाराच्या जुड्यांवरून मोबाइलवर काढलेला. वाकडा आलाय, कोपऱ्यात तिचा अंगठा आहे, आणि मधोमध मी, एक पाय अनवाणी, हात त्याच्या खांद्यावर. साऱ्या वाशीममध्ये तो फिरला. माझ्या मोबाइलमध्येही तो आहे, सुखरूप. तरी परवा मी बाजारात जाऊन म्हणालो, "मावशी, तो फोटो माया हातानं उडाला, पुन्हा पाठवता काय?" तिनं हात पुसले, मोबाइल काढला, आणि फोटो शोधता शोधता आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लागली. तेवढ्यासाठीच मी गेलो होतो.